तांबोशीबद्दल सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

खाडीवर गळ टाकून बसलं की येणारा-जाणारा थांबतो, पिशवीत डोकावतो आणि तेच प्रश्न विचारतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की त्यांचेही तेच, फक्त ते मासा ताटात आल्यावर विचारतात. दर वेळी तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. मी शास्त्रज्ञ वगैरे नाही, सिंधुदुर्गातला हौशी गळवाला आहे, पण या एका माशाच्या मागे बराच वेळ आणि बऱ्याच गऱ्या (गळाचे आकडे) घालवल्यात.

तांबोशी म्हणजे नक्की कुठला मासा? रेड स्नॅपर म्हणतात तोच का?

हो आणि थोडं नाही पण. तांबोशी, तांबोसा, तांब, गोव्यात गेलात तर तामसो, हे सगळं आपण मुख्यतः ज्या माशाला म्हणतो तो इंग्रजीत मँग्रोव्ह रेड स्नॅपर, म्हणजे कांदळवनातला तांबडा मासा. ऑस्ट्रेलियात त्याला मँग्रोव्ह जॅक म्हणतात आणि तिकडचे गळवाले त्याच्यासाठी वेडे असतात. हॉटेलच्या मेनूवर नुसतं रेड स्नॅपर लिहिलेलं असतं तेव्हा मात्र ते काहीही असू शकतं कारण स्नॅपरच्या कुळात आपल्याच किनाऱ्यावर बरेच भाऊबंद आहेत.

शास्त्रीय नाव लुटयानस अर्जेंटिमॅक्युलेटस, यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ चांदीचे ठिपके असलेला. आपण तांबं बघितलं आणि त्यांनी चांदी बघितली, मासा तोच. हे नाव १७७५ सालचं आहे आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. पेटर फोर्सकॉल नावाचा एक स्वीडिश अभ्यासक डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तानच्या मोहिमेवर होता, तांबड्या समुद्रातले मासे बघून बघून त्याने टिपणं काढली आणि १७६३ मध्ये बिचारा येमेनमध्येच तापाने गेला. त्याचे कागद पुढे छापून आणले कार्स्टन नीबूर याने, त्या मोहिमेतून जिवंत घरी पोचलेला तो एकटाच. आणि हा नीबूर मधल्या काळात आपल्या मुंबईत मुक्कामाला होता, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेत आणि त्यांची चित्रं काढत.

दिसायला कशी असते? ओळखायची कशी?

अंग जाडजूड, उंच पाठीचं, दोन्ही बाजूंनी थोडं चपटं. तोंड मोठं, थोडं टोकदार. पाठीकडे हिरवट तपकिरी, खाली येता येता तांबूस आणि पोटाशी रुपेरी पांढरं. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर गडद आणि कडेला फिकट असा रंग असतो त्यामुळे लांबून जाळी पांघरल्यासारखी दिसते. उन्हात धरून थोडी तिरकी केली की तांब्याच्या घासलेल्या कळशीसारखी चमकते, नाव कुठून आलं ते वेगळं विचारावं लागत नाही.

पाठीवरच्या पराला (पंखाला) पुढे १० टणक काटे आणि मागे १३-१४ मऊ. शेपटी जवळपास सरळ कापल्यासारखी, मधे अगदी किंचित आत गेलेली. तोंड उघडून बघा, पुढे सुळे दिसतील, कुत्र्याच्या पिल्लाच्या सुळ्यांसारखे. स्नॅपर हे नाव या खटकन मिटणाऱ्या जबड्यावरूनच पडलंय.

जिताडा आणि तांबोशी यात गोंधळ होणारे लोक मी बघितलेत, खरं म्हणजे होऊ नये. जिताड्याचं डोकं डोळ्याच्या वर खोलगट असतं, पन्हळीसारखं, आणि शेपूट गोल. अंगही रुपेरी करडं. पण दोघं राहतात एकाच खाडीत, लागतात एकाच आमिषाला, त्यामुळे पाण्यातून वर येईपर्यंत कोण लागलंय ते सांगता येत नाही हे मान्य.

छोट्या तांबोशीला पट्टे असतात म्हणे?

असतात. पिल्लाच्या अंगावर साधारण आठ पांढुरके उभे पट्टे आणि गालावर एक-दोन निळ्या रेघा, मोरपंखी म्हणता येईल अशा. फार देखणं प्रकरण असतं. मोठी होता होता हे सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा माझ्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, असं पिल्लू आलं तेव्हा मला वाटलं काहीतरी वेगळीच जात सापडली, शेजारचे काका हसले आणि म्हणाले, "अरे तांबोशीचा प्वार ता, सोड त्येका." सोडलं.

बाजारात लाल दिसतो तो प्रत्येक मासा तांबोशीच का?

अजिबात नाही, आणि इथेच लोक फसतात. छोटा गुलाबी, सडपातळ, अंगावर पिवळसर रेघा असलेला असतो तो राणी मासा, चवीला चांगला पण स्नॅपर नाही. भडक लाल आणि डोळे बशीएवढे असतील तर तोही वेगळा. मोठा आणि अंगभर ठिपके, शेपूट गोल, तो गोब्रा किंवा हेकरू.

स्नॅपरच्या कुळातलेच बाकीचे मात्र खरोखर डोकं खातात. एक असतो मलबार स्नॅपर, सगळ्या अंगाने एकसारखा लाल, त्यालाही बाजारात तांबोशीच म्हणतात आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. एकाच्या पाठीवर मागच्या बाजूला काळा डाग असतो, तो जॉन्स स्नॅपर. तांबड्या अंगावर तीन गडद रुंद पट्टे असतील तर एम्परर. आणि एक बोहार नावाचा, त्याच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत खोल खाच असते, तो लक्षात ठेवा, त्याच्यावर खाली पुन्हा येतो.

कापलेले तुकडे घेत असाल तर मग देवच जाणे. कातडी काढलेली पांढरी तुकडी रेड स्नॅपर म्हणून खपवणं सोपं असतं. एकदा शहरातल्या एका दुकानातून मी अशीच आणली होती, शिजल्यावर पिठासारखी विरघळली, तांबोशीचं मांस असं कधीच होत नाही. तेव्हापासून मासा अख्खा बघायचा, डोळा आणि कल्ले बघायचे आणि मग समोर कापून घ्यायचा.

ही खाडीतली मासळी का समुद्रातली?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावरून मी चहाच्या टपरीवर भांडणं झालेली बघितलीत. खाडीवाला म्हणतो आमची, ट्रॉलरवाला म्हणतो बाहेरची, आणि दोघंही बरोबर आहेत कारण या माशाला दोन घरं आहेत. बालपण खाडीत आणि संसार खडपात, म्हणजे समुद्रातल्या खडकांत.

होतं असं की मोठे मासे बाहेर समुद्रात अंडी सोडतात. अंडं जेमतेम ०.८ मिलिमीटरचं, पाण्यात तरंगणारं, एका दिवसाच्या आत फुटतं. मग ती बारीक पिल्लं प्रवाहाबरोबर, भरतीबरोबर किनाऱ्याकडे सरकतात आणि खाडीत शिरतात. खाडीत कुठे, तर कांदळवनात. तिवराच्या आणि चिप्पीच्या मुळांत, पडलेल्या झाडाखाली, जुन्या जेटीच्या खांबांपाशी, बांधाच्या दगडांत. उघड्या पाण्यात ती राहतच नाही, पाठीला काहीतरी टेकायला हवंच. खारं पाणी, मचूळ पाणी, दोन्ही चालतं, आणि काही तर नदीत वर अगदी गोड्या पाण्यापर्यंत जातात. मला एकदा खाडीच्या मुखापासून इतक्या आत तांबोशी लागली की तिथे म्हशी डुंबत होत्या आणि पाणी तोंडात घेतलं तर मीठ लागत नव्हतं. पण गोड्या पाण्यात ती अंडी घालत नाही, त्यासाठी समुद्रातच जावं लागतं.

काही वर्षं अशी मुळांत काढली, अंगाने भरली, की ती बाहेर पडते. आधी खाडीच्या तोंडाकडचे खडक, मग किनाऱ्याजवळची खडपं, मग बाहेरचे प्रवाळ आणि बुडालेले खडक. १२० मीटर खोलीपर्यंत तिची नोंद आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नद्यांमध्ये माशांना टॅग लावून सोडलं होतं, त्यातले काही पुढे बाहेर समुद्रात सापडले, म्हणजे ही नुसती कोळ्यांची समजूत नाहीये, तपासलेली गोष्ट आहे.

त्यामुळे तुमच्या ताटात पाच किलोच्या तांबोशीचा तुकडा आला आणि वाढणाऱ्याने सांगितलं की ही खोल समुद्रातली आहे, तरी ती कधीकाळी कुठल्यातरी खाडीच्या चिखलात बोटाएवढी होती. ज्या खाडीत भराव टाकून कांदळवन मारलं तिथली तांबोशी बाहेरच्या खडपात कुठून येणार, हे साधं गणित आहे, पण जमिनीचे भाव लावताना हे कोणी धरत नाही.

मालवणला स्नॉर्कलिंगला गेलो तर दिसेल का?

दिसेलच असं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरोखरचे जिवंत प्रवाळ आहेत. पण स्नॉर्कलिंगवाले दुपारी उथळ पाण्यात नेतात, तिथे पाव टाकला की धावून येणारे पट्टेवाले छोटे मासे दिसतात (पाव टाकू नका, प्लीज). तांबोशी दिवसा कपारीत मागे सरकून उभी असते, अंधारात नुसता डोळा चमकतो. स्कूबाला गेलात, हिवाळ्यात पाणी निवळ असताना, आणि कपारीत टॉर्च मारला तर नशीब.

विजयदुर्गापासून साधारण १०० किलोमीटर बाहेर आंग्रिया बँक म्हणून बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि वर प्रवाळ. मी स्वतः गेलेलो नाही, जायची इच्छा मात्र फार आहे, बायको म्हणते आधी घराचं छप्पर कर.

फक्त आपल्याकडेच मिळते का?

छे. पूर्व आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया, जपानची दक्षिणेकडची बेटं, ऑस्ट्रेलिया आणि पार पॅसिफिकमधल्या सामोआपर्यंत. सुएझ कालव्यातून तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात शिरून लेबननच्या किनाऱ्यापर्यंतही पोचलीये. केरळात चेंपल्ली म्हणतात, त्यातही तांबडेपणाच आहे.

खाते काय?

दिसेल ते, फक्त ते जिवंत आणि हलतं हवं. मांसाहारी आहे, शेवाळ-बिवाळ अजिबात नाही. पिल्लू असताना बारीक कोळंबी, जवळा, इवल्या कुर्ल्या. अंग भरलं की मोठी कोळंबी, बोय माशाची पिल्लं, खेकडे. बाहेर खडपात गेली की मासे जास्त, शिवाय माकूळ, शंख-शिंपल्यातले जीव.

शिकार करायची पद्धत म्हणजे दबा धरून बसणं. रावस-सुरमईसारखी पाठलाग करत पळत नाही. मुळाच्या सावलीत तोंड बाहेर करून उभी, समोरून कोळंबी उडी मारत गेली की एक झेप, आणि घास तोंडात असतानाच मागे वळून परत घरात. हे सगळं एवढ्या झटक्यात होतं की पाण्यावर फक्त एक गोल भोवरा दिसतो. सुळे चावायला नाहीत, धरून ठेवायला आहेत, गिळते ती जवळपास अख्खंच. एकदा साफ करताना पोटात अख्खी कुर्ली निघाली, डेंग्यांसकट, कवच नुकतं मऊ व्हायला लागलेलं. दुसऱ्या एकीच्या पोटात बोयीची दोन पिल्लं आणि त्यांच्या जोडीला माझीच गेल्या आठवड्यात तुटलेली गरी. खोटं वाटेल पण गाठ माझी होती, मी ओळखली.

खाण्याची वेळ मुख्यतः रात्रीची. दिवेलागण झाली की बाहेर पडते. दिवसा खात नाही असं नाही, गढूळ पाण्यात किंवा ढगाळ दिवशी दिवसाही लागते, पण जोर रात्रीचा.

खाडीतली काळपट आणि समुद्रातली लालभडक, असं का?

दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे माशाला लाल रंग स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही, तो कोळंबी-कुर्ल्यांच्या खाण्यातून येतो. (कोळंबी शिजवल्यावर लाल होते ना, तेच रंगद्रव्य.) दुसरं म्हणजे पाण्यात खाली गेलं की उजेडातला लाल भाग सगळ्यात आधी संपतो, त्यामुळे ३०-४० मीटरवर लाल मासा लाल दिसतच नाही, काळपट करडा दिसतो, म्हणजे लाल असणं हे तिथे लपणंच आहे. खाडीत उलटं, तिथे चिखल, मुळं, पाला, तिथे तपकिरी हिरवट असलेलं बरं. मासा तोच, कपडे जागेप्रमाणे. बाजारात लालला जास्त भाव मिळतो हे मला आजवर कळलेलं नाही, माझ्या मते खाडीची चवीला कणभर सरसच.

किती मोठी होते? किती वर्षं जगते?

जास्तीत जास्त दीड मीटरपर्यंत लांबी लिहिलेली आहे पण तेवढी मी बघितलेली नाही, सहसा मोठी म्हणजे ८० सेंटीमीटरच्या आसपास. खाडीत मिळते ती अर्धा ते दोन किलो. वयाचं मात्र ऐकाल तर चाट पडाल, ऑस्ट्रेलियात माशाच्या कानातल्या दगडावरची वर्तुळं मोजून वय काढतात, झाडाच्या खोडावर मोजतात तसं, आणि तिशी ओलांडलेल्या तांबोश्या सापडल्यात. म्हणजे मोठी तांबोशी कापताना कधी कधी आपण आपल्या धाकट्या भावाच्या वयाचा मासा कापत असतो.

गळाला कधी आणि कशाला लागते?

जिवंत कोळंबीला. नाहीतर जिवंत छोटी बोय. मेलेलं आमिषही चालतं, बांगड्याचा तुकडा वगैरे, पण मग आधी शिंगाळा येऊन खाऊन जातो. पाणी फिरायच्या वेळेला, म्हणजे भरती संपून ओहोटी लागते तो अर्धा-पाऊण तास, आणि संध्याकाळ त्याला धरून आली तर उत्तम. उधाणाच्या दिवसांत पाणी मुळांपर्यंत चढतं तेव्हा बरी लागते, भांगाला, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, मला तरी फारसं यश नाही.

लागल्यावर पहिले तीन सेकंद महत्त्वाचे. दोरी सैल सोडलीत तर ती सरळ मुळात घुसते, दोन वेढे घेते आणि संपलं. सगळे नवशिके इथेच हरतात, मासा दमवायचा असं कुठेतरी वाचून आलेले असतात, तांबोशीला दमवायला वेळच मिळत नाही. ओढायचं, बस.

चावते का? काटे विषारी आहेत का?

विषारी नाहीत. पण पाठीचे काटे रुतले तर दोन दिवस बोट ठणकतं. कल्ल्याच्या झाकणाच्या कडेलाही बारीक करवत असते. आणि तोंडात बोट घालून गरी काढू नका, चिमटा वापरा, माझ्या उजव्या अंगठ्यावर दोन टिंबं आहेत ती कसली असं नातेवाईक विचारतात.

पट्टेवालं पिल्लू घरच्या टाकीत ठेवलं तर?

नको. बाकीचे मासे एकेक करून गायब होतील आणि मग तिला टाकी पुरणार नाही. पाळायचीच असेल तर खारेपाण्यात पिंजरे लावून करतात, कारवारकडे जिताड्याबरोबर तांबोशीही पिंजऱ्यात वाढवलेली आहे, पण तो धंदा झाला, हौस नाही.

मोठी तांबोशी खाणं सेफ आहे का? काहीतरी विषबाधेचं ऐकलं होतं.

ते सिग्वाटेरा. प्रवाळावरच्या एका सूक्ष्म शैवालात विष असतं, ते शैवाल खाणारे छोटे मासे, त्यांना खाणारे मोठे, असं करत मोठ्या शिकारी माशात साठत जातं. शिजवून, तळून, बर्फात ठेवून जात नाही आणि माशाला वासही येत नाही. उलट्या-जुलाब होतात, तोंडाला मुंग्या येतात आणि गंमत म्हणजे थंड वस्तू गरम भासते. यात सगळ्यात बदनाम तो मघाचा खाचवाला बोहार. आपल्या खाडीतल्या किलो-दीड किलोच्या तांबोशीत ही भीती नसल्यातच जमा. पण प्रवाळ बेटांकडून आलेला खूप मोठा स्नॅपर असेल तर डोकं, काळीज आणि गाबोळी टाळा. आणि मासे खाल्ल्यावर असं काही झालंच तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि कुठला मासा खाल्ला ते सांगा.

कशी करायची?

हा लेख खाण्यावर नाहीये पण न सांगता कोणी सोडत नाही. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी आणि मोठे, त्यामुळे लहान मुलांना देता येते. तुकड्या तळायच्या किंवा ओल्या नारळाचं वाटण, सोलं आणि तिरफळं घालून तिकलं. डोकं टाकू नका, डोक्याची आमटी हीच खरी. आमच्याकडे डोकं कोणाला यावर अजून वाद होतो, आई होती तोवर तो प्रश्न नव्हता, तिने ठरवलेलं असायचं.

हल्ली कमी झालीये का? छोटी लागली तर काय करू?

जगाचा हिशोब घेतला तर ही धोक्यातल्या जातींत मोडत नाही. आमच्या खाडीचं विचाराल तर पूर्वी एका संध्याकाळी तीन-चार लागायच्या, आता एक लागली तरी फोटो काढतो आम्ही. वाळूउपसा, भराव, बारीक आसाची जाळी, सगळंच आहे.

छोटीचं म्हणाल तर क्वीन्सलँडमध्ये ३५ सेंटीमीटरच्या खालची ठेवायला बंदी आहे. मी इथे तोच आकडा धरतो, काठीवर खिळ्याने खूण करून ठेवलीये. गरी काढताना ओला हात लावायचा, कल्ल्यात बोट घालायचं नाही, आणि फेकायची नाही, पाण्यात धरून ठेवायची. दोन-चार श्वास घेते, मग हातातून असा झटका देते की तोंडावर पाणी उडतं, आणि जाते कुठे, तर जिथून आली त्याच चिप्पीच्या मुळात.